आमच्याकडे अजून ऊन आहे

परवा ऑडिटवाला मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि स्क्रीनवरच्या एका नावावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, ये एच. मुकादम कौन हैं? अकाउंट कब से बंद पड़ा है, डिलीट क्यों नहीं करते?"

"रहने दीजिए," मी म्हटलं.

"रीज़न क्या लिखूँ?"

काय सांगणार? "घर के आदमी हैं," असं म्हणून मोकळी झाले. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं आणि खाली काहीतरी खरडलं. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर कुणी विचित्र पाहिलं तर मला काही वाटत नाही. पण ते नाव पुसायचं म्हटलं की हात चालत नाही, हे खरं.

हमीद मुकादम. आमच्या ऑफिसात सगळे त्यांना 'मुकादमजी' म्हणत आणि मी एकटी 'मुकादमकाका'. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. दिल्लीला दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि केस पांढरे झाले तरी इथेच. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी माणसाची गोष्ट या 'दोन वर्षांसाठी'पासूनच सुरू होते, माझीसुद्धा. काकू जाऊन बराच काळ लोटला होता, मूलबाळ नव्हतं. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीत आमचं छोटंसं ऑफिस, मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांची शेड, आणि या दोन्ही ठिकाणच्या सगळ्या कॉम्प्युटरांचे मायबाप मुकादमकाका.

बुटका, गोरा, नाकेला माणूस. अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा शर्ट, थंडीत त्यावर काकूंनी विणलेलं बिनबाह्यांचं स्वेटर. त्या स्वेटरचं खालचं टोक उसवलेलं होतं. मी एकदा शिवून देते म्हटलं तर म्हणाले, "नको गो बाय. उसवतंय ते हळूहळू उसवू दे."

सर्व्हरला नाव देण्याची त्यांची एक रीत होती. इतर ऑफिसांत 'सर्व्हर वन', 'सर्व्हर टू' अशी मिळमिळीत नावं असतात. काकांच्या राज्यात सर्व्हर म्हणजे झाड. जुना, मुख्य सर्व्हर 'फणस'. त्यानंतर आलेला 'बिमला', म्हणजे बिलिंबीचं आंबट फळांचं झाड. ही सगळी त्यांच्या गावच्या घराभोवतीची झाडं. अकाउंट्समधल्या नीलम वालिया सकाळी आल्या आल्या ओरडत, "मुकादम जी, आज फनस बड़ा स्लो है!" आणि काका आतून उत्तर देत, "बूढ़ा हो गया है जी, थोड़ा सब्र कीजिए।" त्या पंजाबी बाईंनी जन्मात फणसाचं झाड पाहिलेलं नव्हतं, पण त्याची तब्येत मात्र रोज विचारायच्या.

मी पुण्याहून काकांच्या हाताखाली नवी नवी आले, त्याच आठवड्यात 'रातांबा', म्हणजे कोकमाच्या झाडाचं नाव मिळालेला नवा सर्व्हरही आला. काकांनी आम्हा दोघांनाही एकच धडा दिला. "हे बघ," ते म्हणाले, "डोमेन म्हणजे या सगळ्या कॉम्प्युटरांचं घर. कोण घरचं, कोण परकं, हे त्या घरात फणसाला ठाऊक. नवीन आलेल्याने काय करायचं? आधी घड्याळ जुळवायचं. मग वाट विचारायची, पण घरच्यालाच, रस्त्यावरच्याला नाही. मग आपलं नाव सांगायचं. आणि आतल्या कुणीतरी म्हणायचं, येऊ द्या, मी ओळखतो याला. एवढं झालं की झालं."

मी कॉलेजात हे सगळं चार महिने शिकले होते. इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

पण रातांबा काही आत येईना. पत्ता बरोबर, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी फणस त्याला दारातच अडवत होता. मी केबल बदलली, सेटिंगं उलटीपालटी केली, घाम फुटला. काकांनी येऊन स्क्रीन पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

झालं होतं असं, की आमचे मालक बत्राजी यांनी लोक वेळेवर यावेत म्हणून अख्ख्या ऑफिसचं घड्याळ पुढे करून ठेवलं होतं. भिंतीवरचं, हजेरीच्या यंत्राचं आणि हट्टाने फणसाचंसुद्धा. नवा सर्व्हर मात्र कारखान्यातून खरी वेळ घेऊन आला होता. दोघांच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असला की डोमेन दार उघडत नाही.

काका बत्राजींच्या केबिनमध्ये गेले. "साहब, बेचारा सच बोल रहा है, इसलिए अंदर नहीं आ पा रहा।"

"तो उसको भी झूठ बोलना सिखा दो यार," बत्राजी म्हणाले.

"वो तो सिखा दूँ। पर एक बात बताइए, शाम को लोग कौन सी घड़ी देख के घर जाते हैं?"

बत्राजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळी जेवढी मिनिटं लोक लवकर येत होते, तेवढीच मिनिटं संध्याकाळी लवकर पळत होते, आणि हे त्यांच्याशिवाय बाकी सगळ्यांच्या लक्षात आलेलं होतं. त्याच दुपारी सगळी घड्याळं खऱ्या वेळेवर आली आणि रातांबा आत आला.

नवा सर्व्हर डोमेनला जोडला गेला की स्क्रीनवर स्वागताची एक छोटीशी चौकट येते. आपण ती न वाचताच बंद करतो. काका ती बंद करू देत नसत. खुर्ची मागे सरकवून, दोन्ही हात जरा पुढे करून, त्या यंत्राला म्हणायचे, "या, बसा." मग ड्रॉवरमधून डबी काढून सगळ्यांच्या हातावर गुळाचा एकेक खडा ठेवायचे. कोकणात उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात, ते हे. सर्व्हर तर गूळ खाणार नाही, म्हणून आम्ही. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर दोन खडे ठेवले. "एक रातांब्याच्या वाटचा, एक तुझ्या." माझे डोळे उगाचच भरून आले. घर सोडल्यापासून मला कुणी 'या, बसा' म्हटलेलं नव्हतं.

सर्व्हरची खोली म्हणजे खोली कसली, जुनी अडगळच. पण दिल्लीच्या थंडीत ऑफिसातली तेवढी एकच जागा उबदार असायची. काका तिथेच एका कोपऱ्यात मगरिबची नमाज पढत. त्यासाठी सूर्यास्ताकडे त्यांचं लक्ष असायचंच. डिसेंबरात इथे साडेपाचलाच अंधारून येतं. धुरकट, कोंदट अंधार, सकाळी आलेला माणूस ऊन न बघताच घरी जातो. काका खिडकीशी उभे राहायचे, बाहेर बघायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे अजून ऊन आहे."

हे वाक्य मी दर हिवाळ्यात रोज ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, माणूस नुसता गावाच्या आठवणीने बोलतोय. मग कळलं की तसं नाही, तिकडे थंडीत सूर्य खरंच बऱ्याच उशिरा मावळतो. त्यांचं बोलणं असं असायचं, हिशेबाने बरोबर आणि तरीही गावच्या आठवणीचं. ते वाक्य म्हणून झालं की पॅसेजमधला दिवा लावायला जायचे. त्या दिव्याचं बटण फायलींच्या कपाटामागे होतं आणि ते मुकादमकाकांशिवाय कुणाला सापडत नसे. बत्राजी तर स्वतःच्या ऑफिसात अंधारात चाचपडत.

गावच्या घरी त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. झुलेखाआपा. दर रविवारी आपाचा फोन. ती काय विचारते ते काका सोमवारी मला सांगत. प्रश्न नेहमी एकच, "कधी येतोस?" आणि उत्तरही एकच, "एक सर्व्हर जोडून येतो."

एकदा आपा वैतागून म्हणाली होती, "तुझा तो सर्व्हर काय जावई लागतो? दर वेळी त्याचंच लग्न लावत बसलास."

मलाही वाटायचं, हा माणूस जात का नाही? इथे त्यांचं होतं कोण? सुट्टी मागितली असती तर बत्राजींनी दिली असती. नोकरीसुद्धा सोडता आली असती. सणाला चार दिवस जायचे, पण चार दिवस म्हणजे पाहुणाच. कधीकधी महाराष्ट्राच्या अतिथिगृहात आम्ही जेवायला जायचो, तेव्हा ते सोलकढीचा घोट घेऊन वाटी खाली ठेवत. "रंग आलाय. आंबटपणा नाही आला." मी म्हणायचे, "मग घरी जाऊन प्या ना काका, आपाच्या हातची." यावर ते भात कालवायला लागत.

याचं उत्तर मला मानेसरच्या बसमध्ये मिळालं.

तिकडच्या शेडमधले मॅनेजर दहिया यांचा लॅपटॉप बिघडला होता. दुरुस्तीवाल्याने तो फार दिवस ठेवून घेतला आणि आत त्याचीच केव्हातरी साठवलेली जुनी प्रत भरून परत दिला. दहियांनी तो चालू केला आणि तिथूनच फोनवर ओरडले, "मुकादम जी, यो तो मन्नै पिछाणता ए कोन्या!" हा मला ओळखतच नाही म्हणे.

आम्ही दोघं गेलो. काकांनी स्क्रीनवरचा इंग्रजी संदेश वाचला आणि मला मराठीत सांगितला, "म्हणतोय, या यंत्राचं आणि घराचं विश्वासाचं नातं तुटलंय."

"पण नाव तेच आहे. यंत्र तेच आहे," मी म्हटलं.

"आहे ना. पण प्रत्येक यंत्राचं आणि घराचं आपसात एक गुपित असतं, आणि ते अधूनमधून बदलत असतं. हा बाहेर होता, तेवढ्यात इकडे बदललं. याच्यापाशी जुनंच राहिलं. याला घर ओळखू येतंय. घराला हा ओळखू येत नाहीये."

त्यांनी लॅपटॉप डोमेनमधून बाहेर काढला, आतल्या माणसाच्या हमीसाठी स्वतःचं नाव घातलं आणि परत आत घेतला. "या, बसा," म्हणाले, पण रोजच्यासारखं हसले नाहीत. दहियांना गूळ देऊन आम्ही निघालो.

परतताना कंपनीच्या बसमध्ये शिफ्ट सुटलेली माणसं पेंगत होती. काका खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "मी गेल्या ईदला गावी गेलो होतो ना. मशिदीच्या पायरीवर एकाने विचारलं, चाचा, कुणाकडे आलात? चांगला पोरगा होता, अदबीने विचारलंन. मी काय सांगू त्याला? त्याच मशिदीच्या आवारात विटीदांडू खेळलोय मी."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"तेव्हापासून भीती वाटते गो. इथनं उठून जायचं आणि तिथे जाऊन पाहुण्यासारखं राहायचं? त्यापेक्षा इथे बसून 'आमच्याकडे' म्हणणं बरं."

"पण दहियांचा लॅपटॉप तर घेतलात ना परत आत?"

"घेतला. पण आत घ्यायला आतल्या कुणाचं तरी नाव लागतं. आमच्या गावात माझ्यासाठी तसं नाव आता एकच उरलंय. आपा आहे तोवर मी जाऊ शकतो. तिच्यानंतर कोण सांगेल, येऊ द्या याला, हा आपला आहे म्हणून?"

त्यानंतर 'कधी जाणार' हा विषय मी चेष्टेत काढला नाही. आपाचं वय झालं होतं, नजर मंदावली होती, आणि दर सोमवारी मी काकांचा चेहरा बघून तिची खुशाली ओळखायला शिकले होते.

पुढच्या पावसाळ्यानंतर आपा परसात घसरून पडली. खुब्याचं हाड. गावातल्या लोकांनी दवाखान्यात नेलं, सगळं नीट झालं, पण त्या रविवारी तिने 'कधी येतोस' असं विचारलंच नाही. काकांनी सोमवारी आल्या आल्या मला हे सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी बत्राजींना राजीनामा दिला आणि तिकीट काढलं.

आता अडचण फणसाची. तो खरोखरच म्हातारा झाला होता, मधूनच बंद पडायचा. त्याची जागा घ्यायला नवा सर्व्हर मागवलेला, आणि तो येता येईना. आला तो नेमका काकांच्या गाडीच्या दिवशी सकाळी. खोकं बघून नीलम वालिया मला हळूच म्हणाल्या, "अब देखना, टिकट कैंसल होगी।" बत्राजी तर केबिनमधून बाहेरच आले. "मुकादम जी, बस एक हफ्ता रुक जाओ। आपके बिना ये कौन करेगा?" मनापासून म्हणत होते ते, त्यात लबाडी नव्हती. म्हणूनच मला भीती वाटली. काका खोक्यावरून हात फिरवत होते. त्यांचा हात मला ओळखीचा होता. 'एक सर्व्हर जोडून येतो' म्हणणारा हात होता तो.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही त्या खुर्चीत बसा. मी जोडते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खरंच बॅग पायाशी घेऊन बसले.

मी घड्याळ जुळवलं. वाट विचारायला फणसाचा पत्ता दिला. नावापाशी आले आणि म्हटलं, "काका, याचं नाव मुकादम ठेवू?"

"अजिबात नाही. माणसाचं नाव यंत्राला देऊ नये. उद्या ते बंद पडलं की जिवाला लागतं. तुझ्या दारात कुठलं झाड होतं?"

किती वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. "बुचाचं," मी म्हटलं. "कोपऱ्यावर होतं. पांढऱ्या लांब दांड्यांची फुलं पडायची, आम्ही वेण्या करायचो."

"मग बूच."

नाव घातलं. त्यावर स्क्रीनने विचारलं, आतल्या कुणाची हमी आहे? तिथे आजवर एकच नाव पडत आलं होतं. माझी बोटं सवयीने 'एच'कडे गेली.

"तुझं नाव घाल," काका म्हणाले.

"माझं?"

"मग काय! मी आता बाहेर जाणारा माणूस. बाहेरच्याची हमी कशी चालेल? तू आतली आहेस."

मी माझं नाव घातलं. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि स्वागताची चौकट आली. मी काकांकडे पाहिलं. ते हाताची घडी घालून माझ्याकडेच बघत बसले. तेव्हा मला कळलं की हे आता मी म्हणायचंय. मी खुर्ची मागे सरकवली, दोन्ही हात जरा पुढे केले. "या, बसा," मी म्हटलं.

फणसाकडचं सगळं बूचने नीट ताब्यात घ्यायला दुपार झाली. काकांनी गुळाची डबी उघडली, सगळ्यांना खडे दिले आणि डबी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मग म्हणाले, "आता माझं खातं बंद कर. पुसू नकोस हां."

पुसू का नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. खातं बंद केलं तर केव्हाही उघडता येतं. एकदा पुसलं की मागाहून हुबेहूब त्याच नावाने नवं केलं तरी डोमेनच्या लेखी तो माणूस वेगळा. त्याला कुठलंच जुनं दार उघडत नाही. म्हणून सोडून गेलेल्या कुणाचंही खातं काका पुसत नसत. "येईल कधी परत," म्हणायचे. कुणी आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

बत्राजींनी त्यांना स्वतःच्या गाडीतून स्टेशनवर सोडलं. परत येऊन पॅसेजमध्ये अंधारात उभे राहिले.

पुढच्याच वर्षीच्या पावसात मुकादमकाका गेले, गावच्या घरी, झोपेत. आपाच्या आधी गेले. आपा त्यांच्यामागे राहील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण मला ते आठवतात ते त्याआधीच्या डिसेंबरातले, गावी जाऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हाचे.

संध्याकाळ झाली होती. बाहेर काळोख, समोरची इमारतही दिसत नव्हती. मी बूचशी काहीतरी खुडबुड करत होते आणि फोनवर काकांचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनभर आधी नुसतं ऊन. तिरपं, पिवळं, शेणाने सारवलेल्या अंगणावर पसरलेलं. मग काकांनी फोन जरा वर केला, आणि मला फणस दिसला. खरा फणस. मी नीलम वालियांना हाक मारून बोलावलं आणि त्या तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. "हाय, इत्ता बड़ा!"

फणसाखाली खुर्चीत आपा बसली होती. काका सांगू लागले, "आल्या आल्या पहिल्या जुम्म्याला काय केलंन माहितेय? काठी घेतलीन, माझा हात धरलान आणि अख्ख्या मोहल्ल्यातून फिरवलंन. प्रत्येक दारात उभी राहून सांगत होती, हा माझा भाऊ. आता इथेच राहणार आहे. चालवत नाही तिला, तरी एक घर सोडलं नाहीन."

"मग?" मी विचारलं. "ओळखलं का घराने?"

काका हसले.

आपाने फोन हातात घेतला, अगदी डोळ्यांशी धरला. "ही कोण रे?"

"ही मेधा. माझ्या हापिसातली, दिल्लीची."

आपाला माझा चेहरा दिसला असेल की नाही, कुणास ठाऊक. तिने मोकळा हात जरा पुढे केला आणि म्हणाली, "या, बसा."

तोच हात, तोच हेल. इतकी वर्षं आमच्या अडगळीच्या खोलीत सर्व्हरना म्हटलेलं ते कुठून आलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

मग काकांनी फोन घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन होतं, डोळे बारीक झाले होते. मी वाट बघत होते की आता ते त्यांचं वाक्य म्हणतील. ते नाही म्हणाले. माझ्यामागच्या खिडकीकडे त्यांचं लक्ष गेलं असावं.

"आपल्याकडे अंधार झाला असेल ना गो?" ते म्हणाले. "पॅसेजमधला दिवा लावलास का? बत्राजी धडपडतील."

नव्हता लावला. मी फोन हातात घेऊन उठले, कपाटामागे हात घातला, आणि त्यांच्यादेखत लावला.